स्लिक टायर : कंपाउंड आणि हवेचा दाब

जळगावच्या 45 अंशांच्या उन्हात स्लिक टायर (शर्यतीचे, खाचा नसलेले गुळगुळीत टायर) आपोआप तापतील, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. बहुतेक स्लिकचे रबर खरी पकड देते ते साधारण 80 ते 100 अंशांच्या आसपास, आणि ही उष्णता वळणांवर व ब्रेक मारताना टायरवर येणाऱ्या भारातून निर्माण होते. म्हणून हलक्या गाडीला कठीण कंपाउंड (टायरच्या रबराचे मिश्रण) घेतल्यास ते पुरेसे तापतच नाही. हवेचा दाबही काही फेऱ्यांनंतर, टायर गरम असतानाच मोजावा. खान्देशातून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत गाडी चालवत नेणार असाल, तर मात्र कृपया स्लिक लावून निघू नका. ते रस्त्यासाठी बनवलेलेच नसतात, आणि खाचा नसल्यामुळे वळवाच्या एका सरीतही पाणी बाजूला सारू शकत नाहीत.