सोनाटातल्या ‘डेव्हलपमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

काळीपांढरी
आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आठ-दहाजण जमून पाश्चात्त्य संगीत ऐकतो. बहुतेकांचे कान ख्यालावर वाढलेले. ऐकताना कुठे काय चाललंय ते ओळखता यावं म्हणून मी पानभर मराठी टिपण देते. गेल्या वेळी मोझार्टची ४० वी सिम्फनी (१७८८) होती. सुरुवातीची चाल सगळ्यांना माहीत, कारण सलील चौधरींनी ‘छाया’तल्या (१९६१) ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’मध्ये ती घेतली. तिचा पहिला भाग ‘सोनाटा फॉर्म’ या साच्यात आहे. त्याचे तीन टप्पे, चाली समोर ठेवणारं एक्स्पोझिशन, त्यांच्यावर काम करणारं डेव्हलपमेंट आणि त्या परत आणणारं रिकॅपिट्युलेशन, मी ‘मांडणी, विकास, पुनरावृत्ती’ असे लिहिले. पेटी वाजवणारे एक काका म्हणाले, विकास शहराचा होतो, गाण्यात बढत होते. मी ‘बढत’ केलं, तर गाणं शिकवणाऱ्या एक ताई म्हणाल्या, बढत तर मुळीच नाही. पुढच्या महिन्यात बेथोव्हनची तिसरी सिम्फनी आहे. त्याआधी शब्द ठरवायचाय.

तंबोरा
ताईंचं बरोबर आहे. बढतीत षड्ज जागचा हलत नाही. तानपुरा तोच, राग तोच, एकेक स्वर उलगडत वर जायचं. इथे उलटं आहे. तुमच्याच सिम्फनीत मांडणी जी मायनर या पट्टीत सुरू होते आणि बी फ्लॅट मेजरमध्ये संपते. पुढचा टप्पा, म्हणजे डेव्हलपमेंट, उघडतो तेव्हा तीच चाल एफ शार्प मायनरमध्ये, म्हणजे मूळ ‘सा’च्या अर्ध्या स्वराने खाली! ख्याल ऐकणाऱ्याला पायाखालची फरशी सरकल्यासारखं होतं. मग चालीचे तुकडे पडतात, शेवटी सुरुवातीचे तीन स्वर तेवढे उरतात. वाढवत नेणं कुठे आहे यात? मी शिष्यांना ‘मांडणी’ आणि ‘मोडणी’ असं सांगतो.

सांगलीकर
‘मोडणी’ मला पटत नाही, तंबोरा. मोडलं की संपलं. माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. बुवांनी अभंगाचा एक चरण घेऊन अर्धा तास घोळवला, की घरी येऊन म्हणायचे, “आज बढत काय झाली!” त्यात शब्द तोडून, उलटसुलट करूनच गायलेले असायचे. शिवाय मोझार्टच्याच काळातला संगीतकार हायडन पाहा. बरेचदा तो मांडणीतली दुसरी चाल नवी आणतच नाही, पहिलीच दुसऱ्या पट्टीत मांडतो आणि त्या एवढ्याशा भांडवलावर सगळा डोलारा उभा करतो. ही बढत नाही तर काय?

तंबोरा
भजनी मंडळातला वापर मला मान्य आहे. पण श्रोत्याने ओळखायचं काय? या टप्प्याची खूणच ही, की ‘सा’ कुठे आहे ते कळेनासं होतं. ‘बढत’ म्हटलं की त्याचा कान स्थिर षड्ज शोधत बसणार. शब्दाने कान भलतीकडे नेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

कोशवाला
‘बढत’ आपला नव्हे, हिंदीतून आला. संस्कृत ‘वर्ध्’पासून हिंदीत बढ़ना, मराठीत वाढणे. गाण्यातलं ‘प्यार बढ़ा’ तेच. मराठीच हवं तर ‘वाढ’ म्हणा. आणि सोनाटालाही का घाबरायचं? इटालियन ‘सोनारे’ म्हणजे वाजणे, म्हणून सोनाटा; ‘कान्तारे’ म्हणजे गाणे, म्हणून कान्ताटा. ‘सोनारे’चं मूळ लॅटिन, आणि आपला ‘स्वन’ त्याच कुळातला. मी ‘स्वनिका’ सुचवतो.

मडगांवची
कोशवाला, ‘स्वनिका’ ऐकून कुणाला काय कळणार? आमच्या आजोबांनी चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि सोल्फा (डो-रे-मी) शिकून मुंबईत वाद्यवृंदात आयुष्य काढलं. घरी बोलायचे कोकणी-मराठी, पण आलेग्रो (जलद लय) म्हणजे आलेग्रो. शब्द वापरून घासला की तो आपलाच. आणि ‘सोनाटा फॉर्म’ हे नावही मोझार्टला ठाऊक नव्हतं. ते रूढ केलं ए. बी. मार्क्स या जर्मन संगीतशास्त्रज्ञाने, १८४० च्या दशकात, मोझार्ट जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर.

काळीपांढरी
‘पुनरावृत्ती’बद्दल कुणीच बोललं नाही. ते तरी चालेल ना?

तंबोरा
नाही चालणार. मांडणी संपल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून वाजवायची खूण स्वरलिपीत असते, पुनरावृत्ती ती. तिसऱ्या टप्प्यात सगळं तसंच येत नाही. या सिम्फनीत दुसरी चाल आधी बी फ्लॅट मेजरमध्ये होती, ती इथे जी मायनरमध्ये येते. तीच चाल, पण चेहरा उतरलेला. ती जागा मला दर वेळी गलबलून टाकते.

सांगलीकर
‘समेवर येणं’ म्हणा. बेथोव्हनच्या तिसरीत तर नक्कीच. मूळ चाल परतायच्या चार बार (तालाचे छोटे खंड) आधी एक हॉर्न हळूच ती चाल धरतो, व्हायोलिनं अजून दुसऱ्याच स्वरांवर थरथरत असतात. तालमीत शिष्य रीसला वाटलं वादक मोजायला चुकला. तो तसं बोलला आणि गुरूची थप्पड खाता खाता वाचला. त्यानेच हे लिहून ठेवलंय. समेआधीच कुणी मान डोलावली तर मैफिलीत असंच होतं.

तंबोरा
गोष्ट सुंदर आहे, उपमा लंगडी. सम दर आवर्तनाला येते, हे एकदाच. आणि मोझार्टचा सी मेजरमधला सोपा सोनाटा, के. ५४५, घ्या: तिथे चाल परतते, पण एफ मेजरमध्ये. म्हणजे मुखडा आला, ‘सा’ आला नाही. त्याला सम म्हणाल?

कोशवाला
मूळ घोटाळा ‘क्लासिकल’मध्येच आहे. साधारण १७५० ते १८२० चा काळही क्लासिकल आणि बाखपासूनचं सगळंच क्लासिकल. मराठीत एकाला ‘शास्त्रीय’ आणि दुसऱ्याला ‘अभिजात’ म्हणावं. अभिजात म्हणजे मुळात कुलीन. लॅटिन ‘क्लासिकुस’ही वरच्या वर्गातला नागरिक. जोडी तंतोतंत जुळते.

मडगांवची
२०२४ पासून ‘अभिजात’ म्हटलं की लोकांना मराठी भाषेचा दर्जा आठवतो. आणि क्लासिकलनंतरच्या ‘रोमँटिक’ काळाचं काय कराल? मी फील्ड आणि शोपँ या संगीतकारांचे नॉक्टर्न (पियानोवरच्या संथ, रात्रीच्या वातावरणाच्या रचना) ऐकवले तर एकांनी विचारलं, प्रेमगीतं आहेत का? ‘सौंदर्यवादी’ म्हणावं तर मोझार्टला सौंदर्य नको होतं की काय! मी एवढंच सांगते: डाव्या हातात सुटे स्वर लांब पसरलेत, पेडलने एकमेकांत मिसळलेत आणि वर चाल गळ्यासारखी घोळतेय, तर १८१० नंतरचं समजा.

सांगलीकर
एक शब्द मात्र बिनविरोध व्हावा. रोंडो नावाच्या रचनेत जी चाल पुन्हा पुन्हा येते तिला ‘पालुपद’ म्हणा. टाळकऱ्यांनी दर कडव्यानंतर उचलायचं तेच.

कोशवाला
उत्तम. माझ्या मते ते ‘पल्लवपद’ असावं. दक्षिणेतली ‘पल्लवी’ आहेच.

तंबोरा
‘पालव’ म्हणजे पदराचं टोकही. त्यावरून का नसेल?

काळीपांढरी
रोंडो आमच्या यादीत नाही हो. ‘डेव्हलपमेंट’ राहिलं.

मडगांवची
थांबा, आमच्याकडे गोव्यात मांडो हे गीत संथ गाऊन झालं की लगेच जलद ‘दुलपद’ सुरू होतं. त्यातलं ‘पद’ हे तेच का, कोशवाला?