पट १२ असलेल्या शाळेची श्रेणी कितपत खरी? समितीने तपासायचं कसं?

व्हाळापलीकडे (प्रश्न)
कणकवली तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून निवड झाली आहे. पहिली ते चौथी, पट १२, शिक्षक दोन. शाळासिद्धीची (शाळांच्या मूल्यमापनाची सरकारी पद्धत) श्रेणी चांगली, चाचण्यांचे गुणही चांगले. तरी तिसरी-चौथीतली काही मुलं वाचताना अडखळतात, असं पालक सांगतात. एवढ्या नोंदी, चाचण्या, अधिकाऱ्यांच्या भेटी. त्यांचा मुलांना उपयोग होतो की नाही हे कसं बघायचं? गुरुजींवर संशय घेतल्यासारखं मात्र होता नये.

खाडीकाठ
टक्केवारी आधी बाजूला ठेवा. वर्गात तीनच मुलं असतील तर एका मुलामुळे आकडा ३३ टक्क्यांनी हलतो. एक मूल आईबापांबरोबर मुंबईला गेलं की शाळा घसरली, परत आलं की सुधारली! पट १२ असेल तिथे मुलांच्या नावानिशी तक्ता ठेवा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'असर' या शैक्षणिक पाहणीची वाचन चाचणी याच पायऱ्यांवर चालते आणि तिच्यातली गोष्ट दुसरीच्या पातळीची असते.

एकेका मुलाला बाजूला बसवून वाचायला द्या. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. तो पाठ असतो, मूल पानाकडे न बघताही म्हणून दाखवतं. मालवणी हेल किंवा घरचा उच्चार चूक धरू नका. वाचून झाल्यावर उताऱ्यावर दोन साधे प्रश्न विचारा, मालवणीत उत्तर आलं तरी चालेल. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी, वर्षातून तीनदा पुरे.

४ डिसेंबर २०२४ ला झालेल्या 'परख' या देशपातळीवरच्या सर्वेक्षणाचे जिल्ह्याचे आकडे कोणी पुढे केले तर ते तुमच्या शाळेला लावू नका. ती तिसरी, सहावी आणि नववीची नमुना पाहणी आहे, एकेका शाळेचा निकाल लावायला केलेली नाही.

तांदूळकोठी
शाळासिद्धीत ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत. पहिलं मूल्यमापन शाळा स्वतःच करते, त्यामुळे नुसत्या श्रेणीवर जाऊ नका. प्रत्येक मानकापुढे पुरावा काय जोडलाय ते वाचा.

हजेरीचा पट आणि पोषण आहाराची नोंदवही शेजारी ठेवून बघा. प्राथमिकला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १२ मुलं हजर असतील तर १ किलो २०० ग्रॅम. दोन्ही वह्या रोज तंतोतंत जुळतात म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याचदा हजेरीवरूनच तांदळाचा आकडा काढून लिहिलेला असतो, मग तो जुळणारच. महिन्यातून एकदा कोठीतला तांदूळ वजन करून वहीतल्या शिल्लकेशी ताडून बघा. थोडा फरक सांडलवंडीचा असतो, तो ताणू नका. दर महिन्याला एकाच बाजूला वाढत जाणारा फरक मात्र विचारायलाच हवा.

पावसात साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी गेल्याने न आलेली मुलं हजेरीत वेगळ्या खुणेने दाखवा. नाहीतर जुलैची गळती मुलांच्या किंवा शिक्षकांच्या माथी बसते, आणि साकव आहे तसाच राहतो.

शेरेबुक
वरच्या दोघांचं पटतं, पण खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे हिशोब मागितला जातो तो नेहमी खालच्याकडे. पालक शिक्षकाला विचारतो, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारा) शिक्षकाला विचारतो; वरच्यांना कोण विचारणार?

शेरेबुकातले, म्हणजे भेटीला आलेले अधिकारी लिहितात त्या वहीतले, शेवटचे पाच शेरे काढा. प्रत्येकात तीन गोष्टी शोधा: नेमकं काय कमी आढळलं, ते कोणी करायचं, कधीपर्यंत. मग पुढच्या भेटीत आधीच्या शेऱ्याचा मागोवा घेतलाय का बघा. 'प्रगती समाधानकारक' असे पाच शेरे ओळीने असतील तर ती तपासणी झालीच नाही असं धरा, मग भेटी कितीही झालेल्या असोत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. त्यातला एक कामगिरीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) दुसऱ्या शाळेत गेला, तर उरलेल्याच्या अंगावर चार इयत्ता पडतात. त्या काळात वाचन मागे पडलं तर त्याचा जाब एकट्या गुरुजींना विचारणं हा अन्याय आहे. म्हणून तक्त्यात मुलांच्या पायरीशेजारी 'त्या महिन्यात शिक्षक किती दिवस दोन, किती दिवस एक' हा रकाना हवाच. कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामं शिक्षकांना देता येतात. तेही दिवस लिहा, कारण काम कायदेशीर असलं तरी वर्ग बंदच राहतो.

हे सगळं समितीच्या ठरावात आणि कलम २२ च्या शाळा विकास आराखड्यात घाला. रिक्त जागा भरली जात नसेल तर कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. पोच घ्यायला विसरू नका.

व्हाळापलीकडे
आभारी आहे. पण वाचन कोणी घ्यायचं? पालकांनी घेतलं तर गुरुजी दुखावतील.

खाडीकाठ
गुरुजींनीच घ्यावं. समितीने त्यांतल्या चार मुलांचं वाचन केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना पुन्हा घ्यायला सांगावं, त्याच आठवड्यात आणि वेगळ्या उताऱ्यावर. दोघा शिक्षकांनी लावलेल्या पायरीत एका पायरीचा फरक पडला तर ठीक. दोन पायऱ्यांचा पडला तर दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून त्या मुलाचं वाचन ऐकावं. ही पद्धत जूनच्या पहिल्या सभेत, एकाही मुलाची चाचणी होण्याआधी, गुरुजींच्या संमतीने ठरावात लिहून घ्या. आणि तक्ता भिंतीवर लावू नका. एवढ्याशा वाडीत कोणाचं मूल कुठे अडलंय ते नाव न वाचताही कळतं.