सल्ला हवा: एक्स-रे, त्वचा, डोळ्याचा पडदा, तिन्हींसाठी एकच मॉडेल चालेल का?

रावेरची_केळी: नमस्कार मंडळी. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. छातीचे एक्स-रे, त्वचेवरचे डाग आणि डोळ्याचा पडदा, असे तिन्ही फोटो न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने) ओळखायचा प्रोजेक्ट घेतलाय. लॅपटॉप साधाच आहे. एचएएम10000 या त्वचेच्या डागांच्या फोटोसंचावर 67 टक्के अचूकता आली. पुढे कसं जाऊ?

तापीकाठ: ताई, 67 वर थांबू नका. त्यातल्या 10,015 फोटोंपैकी 6,705 साधे तीळ आहेत. प्रत्येक फोटोला डोळे झाकून ‘तीळ’ म्हटलं तरी एवढे टक्के पडतात. मेलॅनोमा (त्वचेचा घातक कर्करोग) किती सापडले, किती निसटले, ते वेगळं काढा. शिवाय काही डागांचे एकाहून जास्त फोटो आहेत. शिकवायचे आणि तपासायचे फोटो वेगळे काढताना वाटणी फोटोवार नको, डागवार करा, नाहीतर अभ्यासात पाहिलेलाच डाग परीक्षेत येतो.

एकच मॉडेल चालेल: पाया इमेजनेटवर (रोजच्या वस्तूंच्या लाखो फोटोंवर) आधीच शिकलेल्या रेझनेट-18 या तयार नेटवर्कचा, शेवटचा थर प्रत्येक प्रकारच्या फोटोला वेगळा. आधी मेडएमनिस्ट या छोट्या वैद्यकीय फोटोंच्या संचावर हात बसवा. त्यातले 28 बाय 28 पिक्सेलचे फोटो साध्या लॅपटॉपवरही चालतात. फोटो फिरवून-उलटवून डेटा वाढवताना मात्र फोटो कशाचा आहे ते बघा. रक्तपेशी कशीही फिरवा, पण एक्स-रे आरशासारखा उलटवला की हृदय उजवीकडे जातं!

धुळे_एक्सरे: मी एक्स-रे टेक्निशियन आहे. न्यूमोनियाचा जो सेट सगळे उचलतात, तो चीनमधल्या ग्वांगझूच्या 1 ते 5 वर्षांच्या मुलांचा. 2020 मध्ये अनेकांनी त्यात मोठ्या माणसांचे कोविडचे एक्स-रे मिसळले. असं मॉडेल आजाराऐवजी वय ओळखायला शिकू शकतं. फिल्मच्या कोपऱ्यातल्या डाव्या-उजव्या खुणेवरूनही फसतं. म्हणून ग्रॅड-कॅमचा रंगीत नकाशा (मॉडेल फोटोत कुठे बघतं ते दाखवणारा) काढा, त्याची नजर फुप्फुसावर आहे का बघा, आणि तो एखाद्या रेडिओलॉजिस्टना दाखवाच.

एचएएमचे फोटो ऑस्ट्रिया-ऑस्ट्रेलियातले आहेत. आपल्या सावळ्या कातडीवर तेच निकाल गृहीत धरू नका, रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. डोळ्यांसाठी एप्टॉस 2019 हा फोटोसंच घ्या, ते तमिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे फोटो आहेत.

रावेरची_केळी: खूप आभार! त्वचा सोडून सिकलसेलच्या (रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) रक्ताच्या स्लाइड घेतल्या तर? आपल्याकडे गरजही आहे.

नंदुरबार_लॅब: गरज आहेच, पण वाहकाची (सदोष जनुक असूनही आजारी नसलेल्याची) स्लाइड सहसा नॉर्मलच दिसते. त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी लॅब तपासणीच लागते. फोटोवरून वाहक ओळखू असं सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) लिहू नका. आजारी रुग्णाच्या विळ्यासारख्या पेशी मोजणं, एवढंच ठेवा, ते जमेल.