बंध, मुद्रा आणि 'कुलूप'

योगाभ्यासातील 'बंध' (शरीराचा एखादा भाग आवळून धरण्याची क्रिया) या शब्दासाठी 'शरीराचे कुलूप' असा प्रतिशब्द वापरावा का, आणि 'मुद्रा' म्हणजे केवळ बोटांची जुळणी का, असे दोन प्रश्न येथे आले आहेत.

माझ्या मते कुलूप येथे बसत नाही. कुलूप एकतर लागलेले असते किंवा उघडे असते; बंध मात्र कमीअधिक आवळता येतो. जालंधर बंधात हनुवटी गळ्याखालच्या खळगीत टेकवतात. उड्डियान बंधात श्वास पुरता बाहेर सोडल्यावर पोट आत आणि वर असे ओढून घेतात की बरगड्यांखाली खोलगट वाटी दिसू लागते. प्राण अडवून वर वळवणे ही त्यामागची कल्पना आहे. 'उड्डियान' या शब्दातच 'उड्डाण' दडलेले आहे, आणि या बंधाने प्राण सुषुम्नेत, म्हणजे योगात मानलेल्या मधल्या नाडीत, वर उडतो अशी व्युत्पत्ती हठप्रदीपिका या हठयोगाच्या संस्कृत ग्रंथाने स्वतःच दिली आहे. प्रतिशब्द हवाच असेल, तर तो 'बंधारा'च्या कुळात शोधावा. मात्र त्याची गरज तरी काय? ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 'मूळबंध' (गुदद्वाराजवळचे स्नायू आवळण्याचा बंध), 'जालंधर' आणि 'वोढियाणा' (उड्डियान) ही तिन्ही नावे मराठी वळणाने आली आहेत. आपण 'बंध लावला' म्हणतो आणि कुलूपही 'लावतो'. गोंधळाला हे क्रियापदही थोडेफार जबाबदार असावे.

'मूलबंद' हे लेखन मात्र टाळावे. 'बंद' हा फारसीतून आलेला शब्द 'बंध'चा दूरचा भाऊबंद खरा, पण योगातील संज्ञा संस्कृत आहे आणि तिथे 'ध'च हवा.

मुद्रेचा प्रश्न अधिक गमतीचा आहे. राजमुद्रा, मुद्रण, मुखमुद्रा या शब्दांमुळे ठसा आणि चर्या हे अर्थ आपल्या ओळखीचे आहेत. परंतु 'अर्धमुद्रित नेत्र' म्हणताना आपण मिटणे हा अर्थही सहज वापरतो. मोहोर लावली की पत्र मिटते, त्यातलाच हा अर्थ. हठप्रदीपिकेच्या तिसऱ्या अध्यायातील दहा मुद्रांची यादी पाहिली की 'मुद्रा' आणि 'बंध' यांना विरुद्ध खणांत घालणे चुकीचे ठरते, कारण मूलबंध, उड्डियान आणि जालंधर हे तिन्ही त्याच यादीत आहेत, आणि सगळे शरीर उलटे करावयाची विपरीतकरणीही. बोटांच्या जुळणीची एकही मुद्रा त्या दहांत नाही.

अंगठ्याला तर्जनी टेकवून बाकीची तीन बोटे सैल लांब ठेवतात ती ज्ञानमुद्रा आज सर्वांत परिचित असल्याने 'मुद्रा' म्हटले की हातच डोळ्यांसमोर येतो. हा अर्थसंकोच आता रूढ झाला आहे आणि त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. केवळ हाताविषयी लिहायचे असेल तेव्हा 'हस्तमुद्रा' असे स्पष्ट लिहावे, एवढेच सुचवावेसे वाटते. नाट्यशास्त्राने नृत्यातील अशा हस्तरचनांना नुसते 'हस्त' म्हटले आहे, एका हाताचे 24 आणि दोन हातांचे 13. तेथे 'मुद्रा' हा शब्द मागाहून चिकटला.