ऑस्करला चार फुटी टाकी: गरज की हौस?

भुईकोट: दोन-अडीच इंची ऑस्कर मासा दुकानातल्या दीड फुटी टाकीत गोंडस दिसतो आणि 'तीन फुटीत आयुष्यभर राहील' म्हणून गळ्यात मारला जातो. वर्षभरात तो दहा इंचांच्या घरात जातो, पुढे बारापर्यंत. माझ्या मते एका ऑस्करला 4 बाय 2 बाय 2 फूट लागतेच. उंची दीड फूट चालेल, रुंदीत काटकसर नको. सव्वा फुटात फूटभर माशाला वळताही येत नाही. 'माशाच्या इंचाला एक गॅलन (पावणेचार लिटर) पाणी' हा हिशोब विसरा. एक इंची बारा मासे आणि बारा इंची एक मासा सारखे नव्हेत. लांबी बारापट झाली की वजन हजारपटीच्या वर जातं.

दोन घागरी: हे रोज नळ येणाऱ्या गावात ठीक ओ. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड. साडेचारशे लिटर माशाला आणि माणसांनी टँकर मागवायचा? तीन फुटी घ्या, म्हणजे दीडशे लिटर. वर दमदार टॉप फिल्टर, आणि नळ आला की निम्मं पाणी बदला. बास.

भुईकोट: साडेचारशे एकदाच भरायचे, तेही नळाच्या दोन पाळ्यांत. पुढचा खर्च टाकीच्या मापावर नाही, खाण्यावर ठरतो. मोठा ऑस्कर दिवसाला 5 ग्रॅम पेलेट (खाद्याच्या गोळ्या) खातो धरा, प्रथिनं 40 टक्के. त्यातून रोज साधारण 900 मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. फिल्टर कितीही दमदार असो, माशाने सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट करून थांबतो. नायट्रेट बाहेर काढायला पाणीच बदलावं लागतं. नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला 40 मिलिग्रॅम) आत राहायचं तर पाच दिवसांच्या पाळीला 110-115 लिटर बदला, टाकी कुठलीही असो. दीडशेच्या टाकीत ते पाऊण टाकी झालं, तापमान आणि पीएच एकदम हलतो. चार फुटीत (काठ सोडून 400 लिटर) पाव टाकीहून थोडं जास्त. तुमच्या 'निम्म्या'ने आकडा 60 वर जाऊन बसतो.
आणि नळाची एक पाळी चुकली तर? पाऊण बदलूनही छोटी टाकी 70 ला जाते, मोठी 50 च्या आसपास राहते. पाणी बेभरवशाचं म्हणूनच मोठी टाकी.

जुळे सोलापूरकर: हिशोब पटला, पण वजनाचं बोला की. 4×2×2 मध्ये पाणी 450 किलो, 10 मिमी काच 75 किलो, स्टँड आणि वाळू धरून सहाशेच्या घरात. तेही आठ चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला आठशे किलो. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो धरून काढतात. खोलीच्या मधोमध नको, बीमलगत भिंतीशी. तळमजला असेल तर प्रश्नच मिटला. जुन्या पेठेतल्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर? विचारूही नका. स्टँड लेव्हल बघून लावा, काचेखाली थर्माकोल घाला. एक कोपरा उचललेला राहिला की सिलिकॉनच्या जोडावर ताण येतो.

बोअरवाला: उन्हाळा विसरलात सगळे. पारा 43 ला गेला की पाणी तापतं आणि त्यातला ऑक्सिजन कमी होतो. पृष्ठभागावर पंखा मारा. आपली हवा कोरडी, कूलरसारखं दोन-तीन अंश उतरतं. पण बाष्प जातं, क्षार मागे राहतात. नुसती भर घालत बसलात तर आधीच जड बोअरचं पाणी आणखी जड होतं. भर वेगळी, बदल वेगळा. मोठ्या माशांत फ्लॉवरहॉर्नला जड पाणी मानवतं, ऑस्कर सोसतो, अरोवानाला नको. वीज गेली की बॅटरीचा एअर पंप हवाच.

दोन घागरी: पाळीचा हिशोब मान्य, पण साठवण? 200 लिटरचा ड्रम, टाकी, स्टँड मिळून फ्लॅटची एक भिंत जाते. ज्याला तेवढी जागा नाही त्याने ऑस्करच घेऊ नये, असं सरळ म्हणा ना.

भुईकोट: तेच म्हणतोय. 'शार्क' म्हणून विकतात तो पंगॅसियस आणि रेडटेल कॅटफिश तर चार फुटीतही नको. ते स्वतःच तीन-चार फूट होतात. ड्रमचं म्हणाल तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडायला तो दिवसभर उघडा ठेवावा लागतो. तोंडाला जाळी बांधा. डासाच्या अळ्या ऑस्करला आवडतात, शेजाऱ्यांना नाही.