बीटा ब्लॉकरचा डोस बदलल्यावर अंगातलं त्राणच जातं का? अनुभव लिहा

सांजसावली
काल मैत्रिणीचा फोन आला. मेटोप्रोलॉल, म्हणजे रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी, २५ मिलिग्रॅमवरून ५० केलीय तिची. म्हणाली, "अगं, केस विंचरताना हात वर धरवत नाही." ऐकलं आणि माझे ते दिवस आठवले. रक्तदाबाचा आकडा छान, डॉक्टर खूश, आणि मी जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी. दुखत काही नाही, पण पुढच्या पायरीवर पायच उचलत नाही. घरच्यांना वाटायचं, हिचं कशात मन लागत नाही. डॉक्टरांनी समजावलं की ॲड्रेनॅलिनचा हुकूम ही गोळी हृदयापर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे चढ लागला तरी ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. काही आठवडे धीर धरा म्हणाले. धरला. बरीचशी मरगळ गेली, सगळी नाही.
तुमचं काय झालं? डोस वाढवताना, उतरवताना, गोळी बदलताना, सगळं लिहा. तिला वाचायला देणार आहे.

निवडुंग
बोटं! कोणी बोटांबद्दल बोलतच नाही. डोस वाढला आणि हातपाय गार पडायला लागले. रात्री पायमोजे घालून झोपतो.

पाऊलवाट
मला प्रोप्रानोलॉल, तीही बीटा ब्लॉकरच, मायग्रेनसाठी. डोकेदुखी खरंच कमी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्वप्नं! इतकी ठसठशीत की उठल्यावर खरं काय ते आठवावं लागायचं. ही गोळी मेंदूत सहज शिरते, याच गटातली ॲटेनोलॉल त्या मानाने कमी, असं डॉक्टर म्हणाले. डोस थोडा उतरवला, आता झोप बरी आहे. बाकीचं नंतर, बाळ उठलं.

गोगलगाय
आईच्या गोळ्या संपल्या होत्या आणि मध्ये सुट्ट्या आल्या. दुसऱ्या दिवशी छातीत अशी धडधड की आम्ही सगळे घाबरलो. तिला आधीपासून अंजायना आहे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं. गोळी एकदम थांबली की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं, हृदयविकार असेल तर झटक्याचाही धोका असतो. थकवा आला म्हणून गोळी मनाने सोडू नका हो कोणी. बंद करायची तरी डॉक्टर एक-दोन आठवड्यांत हळूहळू उतरवतात.

सांजसावली
गोगलगाय, बाप रे. आई आता बऱ्या आहेत ना?

गोगलगाय
हो, एकदम ठणठणीत. काल मलाच ओरडत होती.

रानवारा
धावणाऱ्यांसाठी: घड्याळातले ठोक्यांचे टप्पे विसरा. जास्तीत जास्त ठोके किती, याचं २२० वजा वय हे गणित या गोळीवर चालत नाही. ठोके चढत नाहीत म्हणून मी जोर वाढवत गेलो की संध्याकाळी पार गळून जायचो. आता धावताना बोलता येतंय का, एवढंच बघतो.

निवडुंग
रानवारा, घड्याळ कोणतं? माझं रात्री ठोके ४८ दाखवतं आणि बायको जागी राहते.

रानवारा
झोपेत ठोके तसेही उतरतात. पण दिवसाही तेवढेच असतील किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

ओंजळ
मधुमेह असेल तर जपा. साखर खाली गेली की होणारी थरथर, धडधड या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतोच. वडिलांचा शर्ट भिजलेला दिसला म्हणून साखर तपासली, खरंच उतरली होती.

उंबरठा
दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच सांगा, प्रोप्रानोलॉलने श्वासनळ्या आवळतात. आणि पॅरोक्सेटिनसारखी नैराश्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. माझा मेटोप्रोलॉलचा डोस तोच होता, पण ती गोळी सुरू झाल्यावर मी दिवसभर पेंगायचे. दोन्हींची जोडी जमली की मेटोप्रोलॉल रक्तात जास्त साचतं. हे फार्मासिस्टने ओळखलं, देव भलं करो त्याचं.

निवडुंग
विषय निघालाच आहे तर, दंडाला पट्टा लहान पडला तर बीपी जास्त दाखवतं का?

ओंजळ
हो, दाखवतं. दंडाचा घेर मोजून पट्टा घ्या.

सांजसावली
मैत्रिणीने सगळं वाचलं. नाडी मोजली तर ४६, आणि खुर्चीतून उठताना घेरी येते हे तिने मला आत्ता सांगितलं! लगेच डॉक्टरांना फोन करायला लावला, आज संध्याकाळी बोलावलंय. मी सोबत जातेय. उंबरठा, ती पण कसलीशी झोपेची गोळी घेते, पाकीट बरोबर घेऊनच जातो.

उंबरठा
सगळीच पाकिटं न्या. सर्दीचीसुद्धा.