मोडी स्वतः शिकावी की फोटो टाकून वाचून घ्यावी?

वारज्याचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. मुळशीकडचं गावचं घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत कागदांचं बोचकं सापडलं. बहुतेक सगळं मोडीत. दोन-तीन कागद पंचम जॉर्जच्या मुद्रांकावरचे, बाकी साधे, घडीवर विरलेले. काका म्हणतो, वाचायला देऊन टाक. मित्र म्हणतो, फोनवर टाक. टाकलं. एकाच पानाचे दोन फोटो दिले, तर पहिल्यात 'विहिरीचा निम्मा हिस्सा' आणि दुसऱ्यात विहीरच गायब, तिथे कुणाचं तरी लग्न! दोन्ही वाचनं एकदम ऐटीत. शिकायचं म्हटलं तर नोकरी हिंजवडीला, जाण्यायेण्यातच जीव जातो. एवढ्यासाठी शिकण्यात अर्थ आहे का?

पेठेतली_पोर
भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, तिथे मोडीचे वर्ग होतात. पुराभिलेख विभागही घेतो. मुळाक्षरं लवकर येतात हो. खरी परीक्षा जुना कागद समोर आला की.

निवृत्त_अण्णा
नोकरीत जुनी दप्तरं पुष्कळ हाताळली, म्हणून सांगतो. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ मारून घ्यायचा आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत सुटायचा. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकाराला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा हे मजकूर ओळखीचा असेल तरच सुचतं. तुमच्या फोनने तिथेच अंदाज ठोकलाय. छापील अक्षरांचं म्हणाल तर मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण त्याने तुमच्या गावच्या कारकुनाचं वळण थोडंच कळतं?

मी असं करायचो. एकाच हाताचा एक कागद घ्यायचा आणि वाचण्याआधी तो जसाच्या तसा उतरवायचा. 'मौजे', 'तर्फ', 'पैकी', 'चतुःसीमा' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्यावरून त्या माणसाचा म, त, प ठरतो. मग अडलेली ओळ सुटते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरी वाट मला तरी सापडली नाही.

तुमच्या बोचक्यात पेशवाईतलं काही निघालं तर सालही जपून बघा. शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कागदांवरचं साल, अरबी शब्दांत असतो आणि तो मृगाला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, पुढे ६००. पानिपत जानेवारी १७६१ चं, तेव्हा चालू होता ११६१, 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे घाईत केलं की वर्ष हुकतं आणि मग पिढ्यांचा मेळ बसत नाही.

कोर्टाची_पायरी
अण्णा, मान्य. पण जमिनीचा वाद असेल तर ह्यांनी शिकेपर्यंत थांबायचं का? मुद्रांकावरचे कागद जाणकाराकडून सही-शिक्क्यानिशी लिप्यंतर करून घ्या. पैसे देऊन काम करून घेणं म्हणजे काही आळस नव्हे.

निवृत्त_अण्णा
बरोबर. वाटणीपत्र, खरेदीखत असेल ते द्यावंच. मी म्हणतोय ते बाकीच्या पत्रांबद्दल. पानामागे पैसे मोजून कुणी तुमच्या पणजीची उसनवारी वाचत बसणार नाही, आणि मला विचाराल तर बोचक्यातला मजा येणारा भाग तोच.

वारज्याचा_वाटसरू
ठरलं. मुद्रांकवाले काकाच्या ओळखीच्या माणसाकडे. पत्रं मी ठेवतो आणि रविवारचा वर्ग मिळतो का बघतो. एक शंका: काही पानं एकमेकांना चिकटलीत आणि घड्या तुटल्यात. सेलोटेप लावू का? की सरळ लॅमिनेट करून आणू?

निवृत्त_अण्णा
दोन्ही नको! चिकटपट्टीचा डिंक कागद पिवळा करतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर परत सुटतच नाही. चिकटलेली पानं ओढू नका, मंडळात नेऊन विचारा. तोवर कोऱ्या कागदात सुटी ठेवा, ट्रंकेत परत कोंबू नका. आणि रबरबँड लावला असेल तर आजच काढा.